सोल्युशन

आमच्या दुकानात सोल्युशन डब्यात मिळतं. पन्नास मिली, शंभर मिली, पाव लिटर, अर्धा लिटर. झाकणालाच आतून ब्रश असतो. पाइपाच्या टोकाला ते फिरवायचं, पाइप एल्बोत घालायचा, पाव वळसा द्यायचा आणि थोडा वेळ दाबून धरायचं. पुढे तो सांधा जन्मात सुटत नाही. सोडवायचाच झाला तर पाइप कापावा लागतो. त्यामुळे गळ्यात टाय आणि पाठीला सॅक लावलेला एक तरुण दुकानात येऊन म्हणाला, "सर, आम्ही छोट्या व्यवसायांना सोल्युशन देतो," तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं, "तीन कंपन्यांचं पडून आहे. तुमचा रेट काय?"

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. लॅपटॉप माझ्याकडे वळवून त्याने विचारलं, "सर, आधी तुमची पाइपलाइन बघू. सध्या पाइपलाइन केवढी आहे?"

"सहा इंची, चार किलोची, वीस फुटी. गोडाऊनला दीडशे नग असतील."

मग त्याने समजावून सांगितलं. जे गिऱ्हाईक अजून गिऱ्हाईक झालेलं नाही, पण होईल अशी आशा आहे, त्या सगळ्यांना मिळून पाइपलाइन म्हणतात. आम्ही त्यांना 'नुसतं बघून जाणारे' म्हणतो. "आणि सर, तुमच्या पाइपलाइनमध्ये लीकेज नेमकं कुठे आहे, तेही आमचं सॉफ्टवेअर दाखवतं." स्टुलावर तासगावकडचे एक शेतकरी चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "ह्ये यंत्र आमच्या रानात आणा की एकदा. दोन म्हयनं झालं, गळती घावंना झालीया."

हा सगळा घोळ सुरू झाला तो जुन्या कॉम्प्युटरमुळे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, ही बातमी चिरंजीवांनी पुण्याहून फोन करून दिली, आणि ती कुणीतरी अत्यवस्थ असल्याच्या आवाजात दिली. नवा लॅपटॉप घेणं भाग होतं. घ्यायला काही नाही. पण नव्या लॅपटॉपात काय घालायचं हा प्रश्न माझ्यापुढे आयुष्यात पहिल्यांदाच उभा राहिला.

पहिल्यांदाच, कारण आमचा पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो जोडणारा मुलगा वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला होता, "काका, सगळं टाकून दिलंय." महाराष्ट्रातल्या हजारो दुकानांची सॉफ्टवेअर-निवड या चार शब्दांत उरकलेली आहे. 'सगळं' म्हणजे पत्र लिहायचं, तक्ते करायचं, एक मराठी फॉन्ट, पत्त्यांचा खेळ, फिरणाऱ्या गणपतीचा स्क्रीनसेव्हर आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस. त्यातल्या कशाचे किती पैसे, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सॉफ्टवेअरला वेगळे पैसे पडतात ही तेव्हा आमच्या बाजारपेठेत अफवा समजली जायची. त्या तक्त्यात ६५,५३६ ओळी होत्या. आम्ही चाळीस वापरल्या. पुढे एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीत त्या १०,४८,५७६ झाल्या. रोज शंभर ओळी भरल्या, रविवारीही दुकान उघडं ठेवलं, तरी एक पान भरायला जवळजवळ पावणेएकोणतीस वर्षं लागतील. आमच्या लाल वहीला पानं कमी पडायची. इथे आयुष्य कमी पडतं.

आता मात्र सगळं भाड्याने असतं. दर माणशी, दर महिना. थाळीचा भाव ऐकल्यासारखं वाटतं, फक्त वाढपी दिसत नाही. टायवाल्याने विचारलं, "सर, किती युजर धरू?" मी मोजायला लागलो. मी, बिलाला बसणारी बायको, दिवाणजी, काउंटरवरची दोन पोरं आणि टेम्पोचा ड्रायव्हर.

"ड्रायव्हरला लॉगिन लागेल का?"

"त्याला डिझेल लागतं."

ड्रायव्हर वगळून पाच थाळ्यांचा हिशेब त्याने मांडला आणि वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फुकट, असं सांगून तो उठला. जाताना मात्र पन्नास मिलीचा एक डबा घेऊन गेला. त्याच्या खोलीत बेसिनखाली ठिबकत होतं.

दिवाणजींची ओळख करून द्यायला हवी, कारण आमच्याकडे खरा युजर एकच. ते वडिलांच्या वेळचे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे त्यांचे चार धाम. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते आणि आम्हाला वाटलं की आता ते घरी बसतील. त्यांनी आठ दिवसांत पाइपाचा ३९१७ आणि तोटीचा ८४८१ हे कोड पाढ्यासारखे पाठ केले आणि महिन्याभरात टॅली शिकून घेतलं. माउसला हात न लावता. माउस ते कागद उडू नये म्हणून वापरतात. पावतीला एफ-सहा, विक्रीला एफ-आठ, खरेदीला एफ-नऊ. पेटीवर बसलेल्या माणसासारखी त्यांची बोटं वरच्या पट्टीवर फिरतात, नजर समोरच्या गिऱ्हाइकावर. डे-बुकला ते आजही 'कीर्द' म्हणतात आणि ट्रायल बॅलन्स जुळला की "तेरीज बसली" म्हणून पानाचा डबा उघडतात.

त्यांचं आणि कॉम्प्युटरचं फक्त एकाच बाबतीत पटत नाही. बिलाच्या चौकटीत उधारीची मुदत विचारतात, ती तारखेत. आमची उधारी तारखेवर नसते, पिकावर असते. कोण म्हणतो द्राक्षाची पट्टी आली की देतो, कोण बेदाण्याच्या सौद्यानंतर, कोण हळद विकल्यावर आणि बाकी सगळे उसाचं बिल आल्यावर. उसाच्या पैशाला कायद्याने १४ दिवसांची मुदत आहे; ती कुठल्या कारखान्याने किती पाळली हे विचारायला आमच्या काउंटरवर येऊ नये, चहा थंड होतो. दिवाणजींनी बरेच दिवस त्या चौकटीत 'बेदाणा' टाइप करून बघितलं. चौकट घेईना. शेवटी त्यांनी सगळ्या उधाऱ्यांना ३१ मार्च देऊन टाकला आणि खरी मुदत नावापुढे कंसात लिहिली. आमच्या खातेदारांच्या यादीत आज 'तात्या, भिलवडी (हळद)' अशी नोंद आहे. परगावच्या ऑडिटरला वाटलं, आम्ही मसाल्याचाही धंदा करतो.

नव्या लॅपटॉपचं ठरल्यावर मी चार जाणत्यांना विचारलं. इथे एक शोध लागला. कुणीही सॉफ्टवेअरचं नाव आधी सांगत नाही. टाइल्सवाले म्हणाले, "आमच्याकडे एक मुलगा आहे." खतवाले म्हणाले, "मुलगा हुशार आहे, पण सध्या हैदराबादला असतो." मार्केट यार्डातले आमचे मित्र म्हणाले, "झोहो घे, देशी आहे, तिकडे तामिळनाडूत तेनकाशीसारख्या ठिकाणी बसून पोरं काम करतात." आणि दुसऱ्याच वाक्याला, "लावून द्यायला मुलगा आहे आपला." सीएसाहेब तर उघड बोलले, "काय वाटेल ते घ्या हो, पण आमच्या ऑफिसातल्या मुलाला जे येतं तेच घ्या."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण टॅलीची जन्मकथाच ही आहे. गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग आणि कच्चा माल पुरवणारे श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याला पटेल असं हिशेबाचं सॉफ्टवेअर बाजारात मिळेना. त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, ते लिहायला बसवलं. १९८६ मध्ये कंपनी निघाली, आणि २०२० मध्ये भरत गोयंकांना पद्मश्री मिळाली. म्हणजे तिथेही शेवटी घरचा मुलगाच. ही गोष्ट मी जेवताना मोठ्या आवाजात सांगितली. चिरंजीव फोनवरून नजर न काढता म्हणाले, "बाबा, मी मेकॅनिकलला आहे."

तरीही त्याने एक काम अंगावर घेतलं होतं. ३१ मार्चला माल मोजायचा, तो या वर्षी वहीत नको, तक्त्यात. रात्री दुकान बंद करून पोरं रॅकवर चढली, खालून एकजण ओरडून आकडे सांगणार, चिरंजीव लॅपटॉपवर लिहिणार. दोन तासांनी मी पडद्यात डोकावलो, तर मालाच्या मापाच्या रकान्यात '१ फेब्रुवारी' अशी ओळ होती. त्याखाली '३ एप्रिल'. एक फेब्रुवारीचे एल्बो दोनशे चाळीस, तीन एप्रिलच्या टी एकशे दहा. मला आधी वाटलं माल कधी आला त्या तारखा आहेत, आणि पोराचं कौतुकही वाटलं. मग लक्षात आलं: एक छेद दोन म्हणजे अर्धा इंच. तीन छेद चार म्हणजे पाऊण इंच. स्प्रेडशीटला वाटलं, हा माणूस तारीख सांगतोय. गंमत म्हणजे सव्वा इंच आणि दीड इंच जागच्या जागी होते, कारण आधी एक, मग मोकळी जागा, मग अपूर्णांक असं लिहिलं की त्याला अपूर्णांक कळतो. नुसता अर्धा आणि नुसता पाऊण, म्हणजे ज्याच्यावर आमचं निम्मं दुकान चालतं, तेवढेच दोघे कॅलेंडरात गेले होते. फॉरमॅट बदलून त्यांना परत आणायला गेलो, तर अर्ध्या इंचाच्या जागी ४५६८९ आलं. १ जानेवारी १९०० पासून मोजलेले ते दिवस, असं चिरंजीव म्हणाले. बारा वाजून गेले होते. आर्थिक वर्षही संपलं होतं.

नंतर वाचून कळलं की या रांगेत आमच्या पुढे शास्त्रज्ञ उभे आहेत. 'मार्च १' या लघुनावाचं माणसाचं एक जनुक आहे, स्प्रेडशीट त्याचीही तारीख करायची. वर्षानुवर्षं भांडून शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच माघार घेतली आणि त्याचं नाव 'मार्चएफ १' केलं. माणसाचं जनुक बदललं, स्प्रेडशीट तेव्हा बदललं नाही. हे ऐकल्यावर माझा राग पुष्कळ उतरला.

उपाय दिवाणजींनी काढला. सकाळी ते आले, पडदा बघितला आणि जुनी वही उघडून पोरापुढे ठेवली. वहीत अर्ध्या इंचाला दोन उभ्या रेघा, पाऊण इंचाला तीन. पाव म्हणजे एक रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. पावकी-निमकीच्या काळापासूनची पद्धत. चिरंजीवांनी कीबोर्डवर उभी रेघ शोधली, ती एंटरच्या वरच सापडली. आता आमच्या तक्त्यात '॥ एल्बो' आणि '॥। टी' आहे. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला त्यात तारीख दिसत नाही.

या विजयाने पोर चेकाळलं आणि सुट्टीत आलं ते लिबरऑफिस घेऊनच. फुकट. पत्र, तक्ते, सगळं. "फुकट देतात, मग त्यांचं पोट कशावर?" हा दिवाणजींचा पहिला प्रश्न. पोराने सांगितलं की आधी ओपनऑफिस होतं, मग २०१० मध्ये काम करणाऱ्यांतले बरेचजण बाहेर पडले आणि त्यांनी हे वेगळं काढलं.

"भाऊबंदकीत वाटणी झाली म्हणा की."

"तसंच."

"नाव थोरल्याकडे राहिलं, माणसं धाकट्याकडे गेली."

चिरंजीव अवाक झाले, कारण नेमकं तसंच झालेलं आहे. लिबरऑफिस मराठीतही मिळतं म्हणून त्याने मेन्यू मराठी करून दिला. तो दोन दिवस टिकला. 'पेस्ट'ला तिथे 'चिकटवा' लिहिलं होतं, आणि काउंटरवरचा पोरगा ते वाचून विचारायचा, "कितीचा डबा लावू?" इंग्रजी मेन्यू परत आला, सॉफ्टवेअर राहिलं. सीएसाहेबांकडून येणाऱ्या एका फाइलीतलं बटण त्यात दाबलं जात नाही, एवढीच तक्रार. त्यांच्याकडे ती फाइल करणारा मुलगा सोडून गेल्यामुळे ते बटण मुळात काय करतं हे त्यांनाही आता माहीत नाही.

पत्रांचं प्रकरण वेगळंच होतं. एका ग्रामपंचायतीला आम्ही पाणीपुरवठ्याच्या पाइपांचं कोटेशन मराठीत पाठवलं. दुपारी ग्रामसेवकांचा फोन. "कोटेशन मिळालं. इंग्रजीत दिसतंय, पण असलं इंग्रजी आमच्याकडं कुणाला येत नाही." दोष त्या जुन्या फॉन्टचा. तो इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवतो. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे चित्रं गळून खालचं इंग्रजी उघडं पडतं, रंग खरवडला की जुन्या पाटीवरचं नाव दिसावं तसं. युनिकोडमध्ये 'क'ला जगभर एकच क्रमांक आहे, त्यामुळे 'क' तासगावातही 'क'च राहतो. आमची पंधरा वर्षांची पत्रं मात्र जुन्या फॉन्टात आहेत आणि तो फॉन्ट जुन्या कॉम्प्युटरवर आहे. म्हणून तो कॉम्प्युटर आम्ही विकलेला नाही. तो पेन्शनीत काढून माळ्यावर ठेवला आहे.

मग आलं ऑनलाइन. गूगल शीट्समध्ये उधारीचा तक्ता टाकला की मी गोडाऊनवरून, बायको घरून आणि दिवाणजी दुकानातून एकदमच बघू शकतो, ही कल्पना मला फार आवडली. लिंक मी घरच्या ग्रुपवर टाकली. दुपारी तक्ता उघडला, तर वरच्या कोपऱ्यात दिवाणजींच्या शेजारी एक 'अनॉनिमस वॉम्बॅट' बसला होता. मग एक कॅपिबारा आला. मग क्वोक्का. बघता बघता आमच्या उधारीच्या वहीत प्राणिसंग्रहालय भरलं. चिरंजीवांना फोन लावला. ज्याला नावानिशी बोलावलेलं नाही असा माणूस लिंकवरून आत आला, की गूगल त्याला प्राण्याचं नाव देतं. "बाबा, लिंक कुठल्या ग्रुपवर टाकली?" घरच्या ग्रुपचं नाव 'आपली माणसं'. गिऱ्हाइकांच्या ग्रुपचं नाव 'आपले शेतकरी'. माझा अंगठा जाड आहे.

लिंक बंद करेपर्यंत पाऊण तास गेला. मी दुकानात जायचं टाळत होतो. गेलो, तर गल्ल्यापुढे रांग. वॉम्बॅट बुधगावहून स्वतः आला होता, पूर्ण रक्कम घेऊन, आणि "आता त्या यादीतनं काढा" एवढंच म्हणाला. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी पैसे भरले. एकाने तर हळद न विकताच. नांद्र्याचे अण्णा तेवढे भांडायला आले. यादी रकमेप्रमाणे लावलेली होती आणि त्यांचं नाव त्यांच्या चुलतभावाच्या खाली होतं. "त्येच्यापरास आमचं घराणं थोरलं. आमची उधारी कमी कशी?" त्यांनी तिथल्या तिथे आणखी दोनशे फूट पाइप उधार नेला. इतकी वसुली आमच्याकडे कुठल्याच सॉफ्टवेअरने कधी करून दिलेली नाही, आणि हे सॉफ्टवेअरने केलं असं म्हणायची माझी तयारीही नाही.

टायवाल्याचा निकाल २१ सप्टेंबरच्या रात्री लागला. दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेपासून, जीएसटीचे नवे दर लागू होणार होते. ठिबक आणि तुषारचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर. त्याचं 'सोल्युशन' आमच्याकडे महिनाभर चाचणीला होतं. रविवारी रात्री साडेनऊला मी त्यांच्या नंबरवर फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई मला बावीस मिनिटं सांगत होत्या. दर खेपेला तितक्याच प्रेमाने. तेवढ्यात दिवाणजींनी गावातल्या टॅलीच्या पोराला फोन लावला होता. तो जेवत होता. तोंडात घास ठेवूनच त्याने एफ-बारा का काय ते दाबायला लावलं, दर बदलून दिले आणि विचारलं, "काका, अर्धा इंची तोटी घरची खराब झालीय, उद्या मिळेल ना?" माझा फोन तोवर महत्त्वाचाच होता.

तर नवा लॅपटॉप आला. टॅली राहिलं, दिवाणजी राहिले म्हणून. पत्रं फुकटच्यात, मालाचा तक्ता ऑनलाइन, उधारी पुन्हा कुलपात. हे सगळं जुळवायला आठवडा लागला, आणि लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला, तसा गुरुजींनी नेहमीचा प्रश्न केला: "वही कुठे आहे?"

चौरंगावर लाल वही ठेवली, तिच्या शेजारी लॅपटॉप. बायकोने त्याला हार घालायला झाकण उघडलं आणि पडदा निळा झाला. अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. मुहूर्त टळेपर्यंत थांबायचं की तसंच पुजायचं, यावर कुजबुज सुरू झाली. आकडा चढत चढत सत्तावीस टक्क्यांवर आला आणि तिथेच थांबला. जीएसटीच्या नंबरात महाराष्ट्राचा आकडा सत्तावीस. "राज्याबाहेर जाईना झालंय," दिवाणजी हळूच म्हणाले.

गुरुजींना घाई होती. अजून नऊ दुकानं बाकी होती. त्यांनी उपरण्याच्या आतून फोन काढला. फोनवर तक्ता होता, दुकानांची नावं, वेळा, दक्षिणा, आली-नाही आली, सगळं रंगांत. त्यातलं आमचं नाव त्यांनी हिरवं केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आमच्याकडे एक मुलगा आहे. नंबर देऊन ठेवतो." मग हातात अक्षता घेऊन ते पुढे झुकले आणि एकदम थांबले.

"हळद-कुंकू झाकणाला लावा. कीबोर्डवर अक्षता टाकू नका. गेल्या वर्षी गणपती पेठेत एका पेढीवर एफ-आठच्या खाली तांदूळ अडकला, आणि पाडव्यापर्यंत त्यांची विक्रीच होईना."